धुरक्याचे पाप कोणाच्या माथी?

न्यायशास्त्र शिकू लागलेल्याला पहिला दाखला मिळतो तो धुराचा. डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तिथे अग्नी आहे. कारण स्वयंपाकघरात ही जोडी आपण नेहमी पाहिलेली असते. नैयायिकांनी आणि त्यांच्या बौद्ध प्रतिपक्षाने या एका दाखल्यावर शतकानुशतके इतकी डोकेफोड केली की त्यात आता नवे काही उरले असेल असे वाटू नये. पण नोव्हेंबरातल्या दिल्लीवर किंवा जानेवारीतल्या मुंबईवर तो लावून पाहिला की त्याची सीमा उघडी पडते. धुरावरून विस्तव आहे एवढे सिद्ध होते, तो कोणाचा हे होत नाही. न्यायशास्त्राला त्याची गरजही नव्हती. धर्मविचाराला मात्र आहे, कारण पापपुण्याचा आपला सगळा जमाखर्च कर्त्याच्या नावाने मांडलेला असतो: जो करतो तो भरतो. धुरक्यात करणारे लाखो, भरणारे भलतेच, आणि दोघांची एकमेकांशी तोंडओळखही नाही. अशा ठिकाणी पाप घडते का, आणि घडत असेल तर ते कोणाच्या खाती टाकायचे? माझे म्हणणे असे की कर्मसिद्धान्ताच्या प्रचलित रूपाने हा प्रश्न सुटत नाही. तो सोडवण्याइतकी जवळ येणारी एक कल्पना परंपरेतच आहे, पण ती माळ्यावर टाकल्यासारखी पडून राहिली आहे.

आधी धुरके कसे बनते ते पाहू, कारण नीतीचा पेच रसायनातच दडलेला आहे. धुराडी, सायलेन्सर आणि भट्ट्या यांतून काही गोष्टी थेट बाहेर पडतात: काजळी, राख, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेल्या इंधनाच्या वाफा. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ त्यांत मिसळते. एवढेच असते तर प्रत्येक कणाला निदान एक धनी दाखवता आला असता. पण १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे, पिकांची पाने करपवणारे धुरके उतरू लागले, आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला आरी हाखेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्यातला ओझोन कोणत्याही नळकांड्यातून येतच नाही. मोटारींतून निघालेल्या वायूंवर ऊन पडले की तो हवेत तयार होतो. उत्तर भारताच्या हिवाळ्यात असाच आणखी एक प्रकार घडतो. शेतातल्या युरियातून आणि जनावरांच्या शेणमुतातून उठलेला अमोनिया, कोळशाच्या वीजकेंद्रातून निघालेला सल्फर डायऑक्साइड आणि ट्रकमधून निघालेली नायट्रोजन ऑक्साइडे यांच्यापासून आकाशात सल्फेट आणि नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात. हे कण अडीच मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांत त्यांचा हात असतो. आता या कणाचा कर्ता कोणाला म्हणायचे, शेतकऱ्याला, वीजकंपनीला की ट्रकवाल्याला? तिघांपैकी एकानेही तो केलेला नाही. तिघांचा मिळून तो झाला, आणि तोही कोणी कोणाला न विचारता. थंडीत जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसला की हे सारे तिथेच कोंडून राहते. मुंबईत समुद्राकडून येणारा वारा मंदावला की तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातली आणि बाहेरची दूषित हवा मिळून जगात वर्षाला सुमारे ६७ लाख अकाली मृत्यू होतात, पण मृत्यूच्या दाखल्यावर हे कारण जवळजवळ कधीच लिहिले जात नाही. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने गेलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते २०२० च्या डिसेंबरात लिहिले गेले, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. कारण नोंदले गेले, पण आरोपी म्हणून उभा करावा असा एकही माणूस नव्हता.

भारतीय विचारात या जागी पहिले उत्तर येते ते हेतूचे. मज्झिमनिकायातल्या उपाली सुत्तात बुद्धाचा निर्ग्रंथांशी, म्हणजे जैनांशी, याच मुद्द्यावर वाद झडतो: पापकर्मात मनाचे कर्म भारी की कायेचे? बुद्ध मनाचा पक्ष घेतो, निर्ग्रंथ कायेचा. बुद्धाच्या तराजूत धुरके ठेवले तर पारडे हलतच नाही, कारण कोणाच्याच मनात कोणाला मारायचे नव्हते. ऑफिसला निघालेल्याला ऑफिस गाठायचे होते, भात काढलेल्या शेतकऱ्याला गहू पेरायचा होता. जैनांचे उत्तर इथे अधिक कामाचे आहे. जैन आचार्य उमास्वातीने हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवले: हेतू नसला, पण बेफिकिरीने जीव गेला, तरी ती हिंसाच. जैन विचारात हवाच ज्यांचा देह आहे असे वायुकायिक जीव मानले जातात, आणि स्थानकवासी साधू तोंडावर मुहपत्ती बांधतात ती आपल्या उष्ण श्वासाने हवेतल्या जीवांना इजा पोचू नये म्हणूनही. दिल्लीकर मास्क बांधतो तो हवेने आपल्याला इजा करू नये म्हणून. (अडीच हजार वर्षांत काळजीची दिशा उलटली, यात साधूपेक्षा हवेचा इतिहास अधिक आहे.) प्रमादाची कसोटी एवढे नक्की सांगते की धुराचे परिणाम ठाऊक नव्हते तोवरचे अज्ञान वेगळे आणि आताची बेपर्वाई वेगळी. पण ही कसोटीही शेवटपर्यंत पुरत नाही. साधूला पूर्ण सावध राहता येते, कारण त्याने चूल सोडलेली असते. गृहस्थ कितीही सावध असला तरी त्याला विस्तव पेटवावाच लागतो. त्याच्या उरलेल्या दोषाचे काय?

याच गृहस्थाचा विचार स्मृतिकारांनी केला होता, आणि माळ्यावरची ती कल्पना म्हणजे त्यांच्या पंचसूना. त्यांच्या मते प्रत्येक घरात पाच कत्तलखाने असतात: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. शिजवताना, दळताना, झाडताना, कांडताना, पाणी भरताना न दिसणारे जीव मरतात. मारण्याची इच्छा नसते आणि ही कामे टाळताही येत नाहीत. तरीही दोष लागतो, आणि तो रोज लागतो. यादीत पहिली आहे ती चूल. या दोषासाठी देहदंडाची शिक्षा नाही की कडक व्रत नाही. रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत: अध्यापन, तर्पण, होम, प्राणिमात्रांसाठी बळी आणि अतिथीचा सत्कार. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतून जेवणाआधी वैश्वदेव, म्हणजे अन्नाची आहुती, होई तेव्हा संकल्पातच पंचसूनांच्या दोषाचे नाव घेतले जाई. मला या कल्पनेत मोलाचे वाटते ते तिचे पापाकडे पाहणे. ती हेतू विचारत नाही, आणि हेतू नव्हता म्हणून सोडूनही देत नाही. गृहस्थाला ती गुन्हेगार ठरवत नाही. ती त्याला देणेकरी ठरवते. गुन्हा एकदा सिद्ध व्हावा लागतो, त्याला साक्षी-पुरावे लागतात, कोणत्या किड्याला कोणी मारले ते दाखवावे लागते. देण्याला तेवढे लागत नाही. चूल तुमच्या घरात पेटली एवढे पुरते. शिवाय ते फेडायचे जेवणाच्या आधी. देऊन जे उरेल ते खावे, स्वतःपुरते शिजवणारा पापच खातो, असे गीतेचा तिसरा अध्यायही सांगतो. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

पहिला आक्षेप उघड आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पंचसूनांचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळला गेला. ते योग्यच झाले. माणसाच्या स्पर्शाने विटाळ मानणाऱ्या ग्रंथाने हवेच्या विटाळाबद्दल आपल्याला काही शिकवावे, ही अपेक्षाच अनेकांना अपमानकारक वाटेल. यावर माझे उत्तर असे की कल्पना ही तिच्या ग्रंथाची जहागीर नसते, आणि ही कल्पना तर त्या ग्रंथावरच उलटते. चुलीच्या दोषाचा धनी ठरला गृहस्थ पुरुष, वैश्वदेवाचा अधिकारही त्याचाच; आणि फुंकणी हातात धरून तो धूर आयुष्यभर छातीत घेतला बाईने. हिशेबात किडामुंगी आहे, बाईचे फुप्फुस नाही. ही चूक ग्रंथाबरोबर संपलेली नाही. वर सांगितलेल्या अकाली मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास घरातल्या धुराचे असतात, लाकूड, गोवऱ्या आणि कोळशाच्या चुलींचे, आणि तो धूर सर्वांत जास्त वाट्याला येतो बायकांच्या आणि लहान मुलांच्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी कोट्यवधी घरांत पोचवली हे मोठे काम, पण रिकामे सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे नसले की चूल परत पेटते. म्हणून पंचसूनांची कल्पना घ्यायची ती दुरुस्त करूनच: ज्याच्या पोटासाठी विस्तव पेटतो तो देणेकरी, आणि ज्याच्या छातीत धूर जातो तो सावकार. ती बाई दोन्ही बाजूंना दिसली तरी तिच्याकडून वसुली करणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप गणिताचा आहे. माझ्या एका स्कूटरने दिल्लीच्या किंवा मुंबईच्या हवेत पडणारा फरक कोणत्याही यंत्राला मोजता येणार नाही. जे मोजता येत नाही त्याचे पाप कसले? तत्त्वज्ञ डेरेक पारफिट याने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या युक्तिवादाची चिरफाड केली आहे. त्याच्या कल्पित उदाहरणात हजार छळकर्ते आहेत आणि हजार बंदी. प्रत्येक छळकर्ता एक बटण दाबतो, त्याने प्रत्येक बंद्याची वेदना हजारावा अंश वाढते, कोणालाच न कळण्याइतकी. शेवटी हजारही बंदी असह्य यातनेत असतात आणि एकाही छळकर्त्याने कोणाला जाणवेल असे काही केलेले नसते. यांतून कोणीच दोषी नाही असा निष्कर्ष निघत असेल तर हिशेबाची रीतच चुकली आहे, असे पारफिट म्हणतो. आपण एकत्र काय करतो हे प्रत्येकाने विचारले पाहिजे. धुरक्याच्या बाबतीत वैद्यकही त्याच्याच बाजूने बोलते. सूक्ष्म कणांसाठी जिच्याखाली काहीच अपाय होत नाही अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही. भारताने २००९ मध्ये वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम ठरवली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ सुचवली. या रेषा कारभाराच्या सोयीच्या आहेत; ४० च्या आतली हवा निष्पाप आणि ४१ ची पापी असे काही नसते. उंबरठाच नसेल तर प्रत्येक कण कोणत्या ना कोणत्या शरीरात थोडे काम करतोच. स्मृतिकारांना हे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण एक मुंगी मोजायची की नाही या प्रश्नावर त्यांनी कौल दिला होता, आणि तो मोजण्याच्या बाजूने होता.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो गीतेच्याच अठराव्या अध्यायातून येतो. विस्तव जसा धुराने झाकलेला असतो तसे प्रत्येक कर्म दोषाने झाकलेले असते, म्हणून सदोष असले तरी आपले सहज कर्म सोडू नये, असे तिथे म्हटले आहे. धर्मविचाराने धूर दृष्टान्त म्हणून वापरला, आणि दृष्टान्ताचा धूर प्रत्यक्षात दारात आल्यावर तोच श्लोक विकासाचा वकील म्हणून उभा राहू शकतो: धूर तर होणारच, पण वीज हवी, रस्ता हवा, घर हवे. याला माझ्या मते सर्वांत चोख उत्तर नैयायिकांनी देऊन ठेवले आहे. धूर असेल तिथे विस्तव असतो हे खरे. पण विस्तव असेल तिथे धूर असतोच हे ते मान्य करत नाहीत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीला ओल्या इंधनाची जोड लागते. ही अट वगळून बांधलेला नियम खोटा. रसायनशास्त्र अर्धवट ज्वलनाबद्दल फार वेगळे काही सांगत नाही. दोष अग्नीला सहजात चिकटलेला नाही, तो एका अटीमुळे येतो, आणि अट बदलता येते: इंधन, भट्टी, गाळणी, गाडीऐवजी लोकल. अर्थात शेवटचा शब्द नैयायिकांनाही देता येत नाही. अगदी स्वच्छ, निळ्या, तप्त ज्योतीतही हवेतलाच नायट्रोजन जळून ऑक्साइडे होतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीच्याही टायर-ब्रेकची भुकटी उडते. म्हणजे काही शेष राहतोच, आणि गीतेचा श्लोक त्या शेषापुरता खरा आहे. टाळण्याजोगा धूर टाळल्यावर जो उरेल त्यासाठी तो श्लोक म्हणावा. आधीच म्हटला तर ती पळवाट होते.

मग कोणी म्हणेल की यात धर्म कशाला आणता, कायदा आहे ना. १९८१ चा हवा कायदा आहे, जीविताच्या हक्कात स्वच्छ हवा येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आहे, प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्वही त्याने १९९६ मध्ये मान्य केले. आणि पापाची भाषा बोलून मोठ्या कंपन्यांचा दोष तुम्ही सामान्य माणसाच्या गळ्यात बांधता, अशी शंकाही रास्त आहे. लंडनचे उदाहरण इथे दोन्ही बाजूंनी बोलते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत तिथे जे धुरके साचले त्यात सुरुवातीच्या अंदाजाने ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२,००० पर्यंत नेला. सरकारने पुढचे मृत्यू इन्फ्लुएंझाच्या नावावर टाकून पाहिले. त्या धुरात वीजकेंद्रे होती, कारखाने होते, पण मोठा वाटा घराघरांतल्या कोळशाच्या उघड्या शेकोट्यांचाही होता, आणि ती शेकोटी म्हणजे इंग्रज कुटुंबाचे दैवत. १९५६ चा कायदा चालला तो याच शेकोटीला हात घातल्यामुळे: धूरबंदीचे विभाग ठरले, बिनधुराचे इंधन सक्तीचे झाले, आणि शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून मिळाला. म्हणजे घरमालकाचा वाटा मान्य झाला, पण त्याला तुरुंगात घातले नाही. बदलाचा खर्च समाजाने वाटून घेतला. कायदा हवाच, पण आपला वाटा मान्य असलेला समाज पाठीशी नसेल तर तो फक्त आरोपी शोधत फिरतो, आणि धुरक्यात आरोपी सापडत नाही. वाट्याचे प्रमाणही पंचसूनांच्या चौकटीतच आहे. दोष गृहस्थाला लागतो, अग्नी सोडलेल्या संन्याशाला नाही. जेवढे विस्तव तुम्ही पाळता तेवढे तुमचे देणे. फक्त आज विस्तव घरात दिसत नाहीत. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली चूल चंद्रपूरला आणि कोराडीला पेटलेली असते, आणि तिच्या राखेत राहतात दुसरेच लोक.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: असे देणे म्हणजे पाप करण्याचा परवाना नव्हे का? वैश्वदेव केला की झाले. मुंगी काही जिवंत होत नाही. कर्मकांडाचे हेच झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि कारखान्याच्या आवारात झाडे लावून फोटो काढण्याचा आजचा प्रकार त्याच जातीचा आहे. पण मघाशी जो क्रम लक्षात ठेवायला सांगितला तो इथे उपयोगी पडतो: आधी देणे, मग जेवण. कोळशाच्या वीजकेंद्रांनी सल्फर डायऑक्साइड अडवणारी यंत्रणा बसवावी असे मानक डिसेंबर २०१५ मध्ये निघाले, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढली, आणि २०२५ च्या जुलैत बहुतेक संचांना त्यातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते हे कारण दिले गेले. ते खोटे नाही, पण कोळसा इतका जळतो की थोड्या गंधकाचेही पुष्कळ होते, आणि त्याचा अमोनियाशी संयोग होऊन पुढे काय बनते ते वर आलेच आहे. त्या सगळ्या काळात वीज वापरली गेली, म्हणजे जेवण झाले. परवाना म्हणतात तो याला. देणे आधी काढून ठेवले असते तर विजेचा दर थोडा वाढला असता, आणि तो वाढलेला दर हेच वैश्वदेवाचे आजचे रूप ठरले असते.

याच मापाने दरवर्षीची दोन भांडणेही मोजून पाहता येतात. दिवाळीच्या फटाक्यांवर बोट ठेवले की आमच्याच सणावर का, असा प्रश्न येतो. वर्षभराच्या हिशेबात फटाक्यांचा वाटा छोटा असतो हे खरे, पण त्या रात्रीचा तो फार मोठा असतो हेही खरे, आणि आपला विस्तव पवित्र असल्याने त्याचा दोष लागत नाही असे म्हणणाऱ्याला पंचसूनांचा आधार मिळणार नाही, कारण तिथे देवाचा नैवेद्य शिजवणारी चूलही सुटलेली नाही. भाताचा पेंढा जाळणाऱ्या शेतकऱ्याचे भांडण अवघड आहे. पंजाब आणि हरियाणाने २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी भाताची लावणी पुढे ढकलणारे कायदे केले. पाणी वाचावे हा हेतू चांगला होता, पण कापणी उशिरा येऊ लागली, गव्हाच्या पेरणीआधी हाती उरले जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि यंत्राने कापलेल्या भाताची उभी ताटे शेतातून काढायला आगकाडी सर्वांत स्वस्त पडते. तो भात सरकारी कोठारातून देशभरच्या रेशनवर जातो. विस्तव त्याच्या शेतात, पण पोट देशाचे. एकट्या त्याच्याकडून दंड वसूल करणे म्हणजे घरच्या बाईला चुलीचा दोष लावण्यासारखेच. मुंबईतल्या पावाच्या बेकऱ्यांनाही तेच लागू पडते. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅसवर किंवा विजेवर जायला सहा महिने दिले, आणि बेकरीवाले खर्चाचे गणित मांडू लागले. ते गणित त्यांच्या एकट्याचे नाही. लादीमागे काही रुपये वाढले तर वडापावच्या गाडीवर कुरकुर होईल, कोणी तो दंड समजेल आणि कोणी लूट. माझ्या हिशेबी ते पाव खाणाऱ्याचे थकलेले देणे आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याचे भरायला महापालिकेची तिजोरी आहे.